माईंच्या हातची ओटी

लग्न होऊन मी निघाले, उलव्याच्या खाडीतून होडी सुटली तेव्हा आई गुडघाभर चिखलात उभी होती. "रडू नको गो, पानी उतरंल," एवढंच म्हणाली. पोरींनो, तुम्ही कुठल्याकुठे गेलात, उलवे ते पनवेल म्हटलं की हसाल. स्वातंत्र्य नुकतं मिळालं होतं त्या दिवसांत मला तेही परदेशच होतं.

नवरा भाताच्या गिरणीत. माणूस भला, पण सदा मूग गिळून बसलेला. उलव्याला मिठागरावर आम्ही बाया दिवसभर बोलायचो. इथे भिंतींशी बोलायची पाळी. दुसऱ्या वर्षी आई गेली आणि मी त्याला धारेवरच धरलं. मी 'सोडून जाते' म्हणाले, तेव्हा शेजारणीने आम्हा दोघांना माईंकडे धाडलं. माई दवाखान्यात नर्स, विधवा, एकट्या. दर रविवारी भांडकुदळ जोडपी त्यांच्या पडवीत बसायची.

मला वाटलं, गावकीसारखा न्याय करतील, ह्याला चांगला झापतील. कसलं काय! माई म्हणाल्या, "त्याचं गाऱ्हाणं तू सांग. तुझं तो सांगेल." मी दोन वाक्यांत अडले. आणि हा मुखदुर्बळ माझं सगळं घडाघडा बोलला. आजारी आईकडे मला वेळेवर नेलं नाही, हेसुद्धा. मग खाली बघत म्हणाला, "ही अजून उलव्यालाच हाय. मंग मी कुठं राहू?"

रविवार होत राहिले, भांडण निवत गेलं. पण मला माईंचीच ओढ लागली. एकटीच जाऊन बसायचे. दिवाळीला तर ट्रंक घेऊन गेले. म्हटलं, हेच माझं माहेर, आता इथेच राहते. माईंनी जवळ बसवलं, चहा दिला, पण ट्रंक उघडू दिली नाही. राग आला. आईनंतर आता माईसुद्धा मला लोटतात, असं वाटून रडूच फुटलं.

त्या आतून नारळ-तांदूळ घेऊन आल्या. लेकीची ओटी भरून तिला सासरी पाठवायची रीत. पण विधवेने भरायची नसते. माई तशाच थांबल्या.

"माझ्या हातची चालेल का गं तुला?"

मी पदर पसरला. त्यांनी नारळ-तांदूळ त्यात घातले.

घरी आले तर चूल थंड आणि हा उंबऱ्यावर बसलेला, डोळे लाल. "मला वाटलं, तू गेलीस ती गेलीस," म्हणाला. ट्रंक उचलून आत ठेवली आणि मी न विचारताच बोलत बसला. आज कुणी घर कुठलं विचारलं, की मी पनवेल सांगते.