चिंचेखालची बोरिंग

"पान्याले घाई नाई राहत, हँडल मारनाऱ्याले राह्यते."

मुखरूभाऊ हे दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. हंडे घेऊन ताटकळलेल्या बायांना म्हणायचे, जेवायला उशीर झाला की बायकोलाही, रंभाबाईला, तेच ऐकवायचे. एकतीस वर्षं त्यांनी तालुक्यातल्या गावोगावच्या बोरिंग, म्हणजे हातपंप, दुरुस्त केल्या. सायकलच्या मागे पाने-साखळीची पेटी, पुढच्या पिशवीत भाकर आणि एक वही. मोहाची फुलं पडायची, साग उघडा व्हायचा, पुन्हा पालवायचा. सायकल चालत राहायची.

त्यांची एक रीत होती. बोरिंग दुरुस्त झाली की पहिला हंडा जवळच्या झाडाच्या बुडाशी ओतायचा. दुसऱ्या हंड्यातला तांब्या त्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हाती द्यायचा. ती घोट घेऊन काय म्हणते ते वहीत लिहायचं. 'गोड.' 'लोखंडी.' 'मचूळ.' एक म्हातारी म्हणाली होती, "माह्या माहेरासारखं." भाऊंनी तेही तसंच लिहून ठेवलं. शेजारी गावाचं नाव, किती पाइप उतरले तो आकडा, आणि जागा, म्हणजे कुठल्या झाडाखाली किंवा कशाजवळ. बोरिंग आटली तर तेही त्याच ओळीत.

अशा एकतीस वह्या झाल्या. भाऊंच्या निवृत्तीच्या वर्षी त्या पंचायत समितीतल्या दिव्यानीच्या टेबलावर आल्या.

दिव्यानी तिथली संगणक चालवणारी. कार्यालयाच्या संगणकात ठरलेल्या रकान्यांपुरतीच जागा होती. पाण्याच्या चवीला रकाना नव्हता, झाडाला नव्हता. वह्या वाचता वाचता तिला वाटलं, हे रद्दीत जायला नको. ऊर्जानगरला राहणाऱ्या तिच्या भावाने, निकेशने, तिला एस्क्यूलाइट नावाचं साधन सांगितलं. फुकट मिळतं, नेट लागत नाही. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसती काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी एक रेघ. त्या रेघेपुढे आपण प्रश्न लिहायचा, ती आपल्या साठवलेल्या वह्यांतून उत्तर काढून देते. दिव्यानी चुकतमाकत शिकली. हिवाळाभर जेवणाच्या सुट्टीत तिने वह्या त्यात उतरवल्या, एका बोरिंगला एक ओळ. सहाशे बारा ओळी झाल्या.

एप्रिलातल्या एका मंगळवारी भाऊ बसने आले.

"दाखव बाई, माह्या वह्या कुठी कोंडल्या तं."

तिने त्यांना खुर्चीवर बसवलं. इंग्रजी अक्षरं त्यांना सुट्या भागांच्या डब्यांवरून ओळखीची होती. तिने तीन शब्द शिकवले. सिलेक्ट म्हणजे काय पाहिजे ते. फ्रॉम म्हणजे कुठल्या वहीतून. व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर. सगळंच पाहिजे असेल तर सिलेक्टपुढे एक चांदणी.

"बस? येवढंच?"

"येवढंच. लिहून झालं का एन्टर दाबा भाऊ."

तेवढ्यात साहेबांनी हाक मारली म्हणून ती आत गेली. परत आली तेव्हा भाऊ प्रश्न लिहून शांतपणे, एका लयीत, एन्टर दाबत होते. काळ्या खिडकीत टिंबांची रांगच रांग उतरली होती.

"भाऊ, हे का करून राह्यले?"

"मारून राह्यलो ना हँडल. पानी खोल असन. चाळीस झाले."

दिव्यानीला हसू आवरेना. "भाऊ, तुमचा प्रश्न संपलाच नाई अजून. शेवटी हे टिंब आन त्याखाली शेपटी द्या. तवा त्याले समजते का मानसाचं बोलनं झालं."

"समोरचा चूप बसला का समजत नाई का?"

"नाई समजत."

"म्हंजे माहा साळा लटारूच हाय हा. ताट पुढ्यात असते, पन 'जेव बाबा' म्हनल्याशिवाय हात लावत नाई."

त्यांनी एका बोटाने ते चिन्ह शोधलं, दाबलं, मग एन्टर. सहाशे बारा ओळी धबाधबा खाली कोसळल्या. भाऊ खुर्चीसकट मागे सरकले. मग पुढे वाकून वाचायला लागले. गावामागून गाव. ओठ हलत होते. 'माह्या माहेरासारखं' ही ओळ आली तेव्हा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

"आता अट लावा," दिव्यानी म्हणाली. "तुमाले जे पायजे ते."

भाऊंना काय पाहिजे ते लगेच सुचलं. उद्या सकाळी कोसंबटोल्याला बोअरची गाडी येणार होती. चाळीस घरांचा टोला, आणि बोरिंग एकच, तीही लालसर लोखंडी पाण्याची. बऱ्याच वर्षांनी एक नवी बोरिंग मंजूर झाली होती. ही फेल गेली तर टोल्याचा नंबर पुन्हा सहा-सात वर्षं लागणार नव्हता. जागा ठरवायचं काम साहेबांनी भाऊंवर सोडलं होतं, आणि भाऊंनी सोनीबाईच्या घरासमोरची चिंच दाखवली होती. सोनीबाई टोल्यातली सगळ्यात म्हातारी, गुडघ्यांनी गेलेली. भाऊंनी तिला शब्द दिला होता, "पुढच्या उन्हाळ्यात तू ओसरीत बसल्या बसल्या हंडा भरशीन."

"चिंचेखालच्या बोरिंग काहाड," ते म्हणाले. "पाहा कसं गोड पानी निंगते तं. चिंच कधी धोका देत नाई."

अट तिने सांगितली, लिहिली त्यांनी. तेवीस ओळी आल्या.

"आता त्यातल्या आटल्या किती, तेही इचार," भाऊ ऐटीत म्हणाले.

उत्तर आलं. सतरा.

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. दिव्यानीने पडद्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहायचं टाळलं. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. हिवाळ्यात थंडीने बोटं आखडायची, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल. तसंच असावं अशी तिने मनात इच्छाही केली.

"भाऊ, माही चूक असन. थांबा."

"वह्या आन."

तिने कपाटातून वह्या काढल्या. भाऊंनी पडद्यावरची गावं एकेक करून शोधली. पाच वह्या उघडल्या. पाचही ठिकाणी निळ्या शाईत तेच होतं, पाइपांचा आकडा तेवढा वेगळा. 'चिंच. चौदा पाइप. उन्हाळ्यात आटली. पाइप काढले.'

"माहंच अक्षर हाय," ते म्हणाले.

त्यांनी पाचही वह्या मिटल्या. दिव्यानीला वाईट वाटलं. या माणसाने एकतीस वर्षं जे छातीठोक सांगितलं, ते आपण एका दुपारी त्याच्याच हाताने खोटं पाडायला लावलं. शिकवलंच नसतं तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"गोड पान्याची बोरिंग ध्यानात राह्यते बाई," भाऊ हळूच म्हणाले. "लोकं पाया पडतेत, चहा देतेत. आटलेली कोन ध्यानात ठेवते? अर्ध्या दिवसात पाइप उपसले, सायकलीवर बसलो, घर. हातानं लिवलं, पन मनात नाई ठेवलं."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. या वेळी काही विचारलं नाही. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, स्वतःच लिहू लागले. चिंचेच्या जागी त्यांनी बोडी लिहिलं. कोसंबटोल्याच्या दुसऱ्या टोकाला धानाच्या बांध्यांवर अशीच एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती. ओळ झाली. शेवटी टिंब आणि शेपटी, न विसरता. बोडीच्या पाळीखालच्या बोरिंग एकोणीस. आटलेल्या दोन.

"बोडी सोनीबाईच्या घरून किती लांब हाय?" दिव्यानीने विचारलं.

"पाव कोस. तिच्या गुडघ्यानं तं आलापल्लीच समज."

"दुसरं कोनी आनून देईन तिले."

"देतीन. पन शब्द मी देल्ला होता."

"मी फोन लावून देऊ का? तिच्या नातवाकडे हाय."

"नाई. तिच्या ओसरीत बसून हो म्हटलं होतं. नाई पन तिथीच बसून म्हनतो."

भाऊ उठले. चिंचेच्या ओळी होत्या त्या पाचातली एक वही त्यांनी पिशवीत घातली. काळी खिडकी कशी बंद करतात ते विचारलं, तिने सांगितलं तसं लिहून ती बंद केली, आणि खुर्ची होती तशी टेबलाखाली सरकवली.

फाटकात शिपाई हरिदास बसला होता. "भाऊ, दोनची बस गेली ना. उन्हात कुठी चालले?"

"कोसंबटोला."

"दोन कोस पायी? आन तुमीच तं म्हन्ता, पान्याले घाई नाई राहत!"

"पान्याले नाई राहत बावा. बोअरच्या गाडीले राह्यते. सकाळी सातले येते ते."

कार्यालयाच्या बोरिंगवर थांबून त्यांनी दोन ओंजळी पाणी प्यायलं, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि जंगलाची वाट धरली. खिडकीत दिव्यानी उभी होती, फाटकात हरिदास. एप्रिलातला साग, एकही पान नव्हतं. त्यामुळे भाऊंचा पांढरा सदरा उघड्या खोडांमधून बराच वेळ दिसत राहिला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही.