साडभाऊंची हराळी

जगात ऋतू किती असावेत आणि ते कधी बदलावेत, हे आपल्याला विचारल्याशिवाय कोणी ठरवू नये असं आमच्या साडभाऊंचं ठाम मत आहे, आणि त्या मताचा जेवढा ताप मला झाला तेवढा आभाळालाही झाला नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेल्हाऱ्याजवळ त्यांचं पाच एकर काळं शेत आहे. मी अकोल्यात शाळामास्तर; शेतीशी माझा संबंध भाजी निवडण्यापुरता. तरीही तीन वर्षं मी त्यांच्या शेताचा राखणदार, हवामान खातं आणि शिव्या पोचवणारा पोस्टमन होतो. या तिन्ही नोकऱ्या त्यांनी मला न विचारता दिल्या आणि एकीतूनही मला राजीनामा देता आला नाही.

साडभाऊंचं खरं वैर फक्त हराळीशी. पाऊस दडी मारून बसला, बोंडअळी आली, कपाशीची पानं लाल्या पडून करपली, तरी ते फार तर आभाळाकडे पाहत तंबाखू मळायचे. पण शेतात हराळीचं एक मूळ दिसलं की त्यांच्या अंगात यायचं. बोंडअळी कोण पाठवतो ते कळायला मार्ग नव्हता. हराळी मात्र धुऱ्यापलीकडून कासमभाई पाठवतात, याबद्दल त्यांची खात्री होती. कासमभाई त्यांचे धुरकरी, म्हणजे दोघांच्या शेतांमध्ये एकच बांध, तोच धुरा, आणि त्या धुऱ्यावर उभं राहून वीस वर्षं रोज सकाळी भांडण. कासमभाई तिला हराळी न म्हणता 'हरियाली' म्हणायचे, तेव्हा तर साडभाऊ पेटायचेच. "हरियाली म्हनते! गुलाबाचं फूल हाये का ते?" चतुर्थीला गणपतीच्या दूर्वाही ते कासमभाईंच्या बाजूच्याच खुडायचे. तेवढीच त्याची कमी होईल, हा हिशेब. साडभाऊंच्या मुलीच्या लग्नात कासमभाई सकाळपासून वाढपात राबत होते, तर यांनी भर पंगतीत त्यांना थांबवून त्यांच्या जोड्याला चिकटलेली हराळीची काडी काढायला लावली. लग्न त्यांच्या अंगणात होतं, शेतात नव्हतं, एवढं मी म्हणून पाहिलं. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पुढे ती वाईट वर्षं आली. कापूस हातचा जायचा आणि आज कुठल्या शेतकऱ्यानं जीव दिला असेल, म्हणून सकाळी पेपर उघडायला भीती वाटायची. लग्न झालेली ती मुलगी तोवर अमेरिकेत गेली होती. जावयाने कुठल्याशा ओळखीनं आणि कुठल्याशा परवान्याच्या भानगडीनं सासऱ्याला तिकडं एका गोल्फच्या मैदानावर काम मिळवून दिलं. गोल्फ म्हणजे काय, हे साडभाऊंना ठाऊक नव्हतं आणि मलाही धड नव्हतं. 'गवताचं काम आहे' एवढं कळलं. जाताना ते मला म्हणाले, "मास्तर, शेत पाहात राहाजा. तीन सालानं येतो अन् मंग ठरवतो, इकायचं का वाहायचं." ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, शेत विकून अकोल्यात यायचं होतं. वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी विकत घ्यायला तयारही होते. तोवर दुसऱ्या कोणाला वाहायला द्या, असं मी सुचवलं, तर म्हणाले, "दुसऱ्याचं औत माह्या शेतात नाई चालत." म्हणजे पाच एकर पडीत, आणि त्याची काळजी करायला मी.

पहिला फोन आला तो रविवारी सकाळी सहाला. पुढचे सगळे फोनही रविवारी सकाळी सहालाच आले. मास्तराला आठवड्यातून एकच दिवस उशिरा उठता येतं, हे त्यांच्या गावी नव्हतं. "मास्तर, हराळी!" ते ओरडत होते. "इथं सारी हराळीच हाये! नाव तेवढं येगळं देलं. पानी देऊन राहिले तिले. खत देऊन राहिले. तिची देखभाल कराले मानूस ठेवला, अन् तो मानूस म्हनजे मी!" पहिल्याच आठवड्यात त्यांनी पराक्रम केला होता. ज्या भोकात तो चेंडू घालायचा असतो, त्याच्या भोवतालचं गवत त्या लोकांना जिवापलीकडे प्रिय. साडभाऊ तिथं कात्री घेऊन बसले आणि त्यांचे हात शिवशिवले. किती उपटली, मी विचारलं. "जास्त नाई. चटईएवढी." मुकादम धावत आला तेव्हा हे त्याला मुळं दाखवून खुणेनं सांगत होते, की घाबरू नको, मुळासकट काढली आहे. जावयाने रदबदली केली म्हणून नोकरी राहिली. मला हुकूम सुटला की तेल्हाऱ्याला जाऊन हे कासमभाईंना सांगावं. म्हणजे दीड-दोन तास एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची ती कशासाठी, तर 'तुह्यी हराळी इथं लोक पैसे देऊन पोसतात, तुले जलमभर फुकट भेटली' एवढ्या निरोपासाठी. कासमभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मैं तो पैले से बोल रहा, हरियाली है. वापस कब आता बोला?"

ऋतूंचा घोळ त्यानंतर सुरू झाला. साडभाऊ पंचांग सोबत घेऊन गेले होते आणि अमेरिकेनं ते पाळावं अशी त्यांची अपेक्षा होती. मृग लागून आठ दिवस झाले तरी तिकडच्या कोणी आभाळाकडे पाहिलं नाही, ही तक्रार त्यांनी माझ्याकडे केली. मग आला पानगळीचा ऋतू. एका रविवारी त्यांचा आवाज इतका पडला होता की मी उठून बसलो. "मास्तर, गेलं सारं. लाल्या पडला." मैदानाभोवतीच्या रानातली झाडंच्या झाडं लाल झाली होती. त्यांनी एक पान तोडून मुकादमाला दाखवलं आणि फवारणी करा म्हणून हातवारे केले. मुकादम हसत हसत खाली बसला. "येडे लोक हायेत. लाल्या पडला तं गाड्या करून पाह्यले येतात, फोटो काढतात." कितीही समजावलं तरी त्यांना पटेना. शेवटी त्यांच्या हट्टापायी मी कृषी केंद्रात गेलो आणि पन्नास फूट उंच झाडावरच्या लाल्याला काय मारतात ते विचारलं. दुकानदाराने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं.

हिवाळ्यातल्या एका फोनवर ते नुसतंच म्हणाले, "मास्तर, मेली." त्या दिवसांत असा शब्द कोणी सहज उच्चारत नसे. "कोण?" मी ओरडलो. "हराळी," ते म्हणाले. मी फोन आपटणारच होतो, पण माणूस चक्क रडत होता. "वीस वर्सं जिले मारू शकलो नाई ते इथं येऊन मेली. सारी पिवयी पडली." उन्हानं हराळी वाळते हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं, थंडीनंही वाळते हे कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी खुलासा आला. "झोपते म्हनते ते. थंडीभर झोपते, कोनी उठवत नाई तिले. सकायी तिच्यावर बर्फ असते, तं कोनी पाय देऊ नये म्हून मी राखन करून राहिलो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "गावात सारे हायेत ना?" दर फोनच्या शेवटी ते हे विचारायचे, आणि मी अर्धवट झोपेत 'आहेत, आहेत' म्हणायचो. "अन् कासम?" आहेत म्हटलं. "हो, तो कायले जाते," म्हणून ते ठेवून द्यायचे. ऋतूंच्या त्या सगळ्या चौकशा या एका प्रश्नापाशी येण्यासाठी होत्या, हे कळायला मला फार उशीर लागला, आणि त्याची मला आज लाज वाटते.

तीन वर्षांनी, मे महिन्यात, ते परतले. अंगात जावयाचं जाकीट, तेही मे महिन्यात. शेत विकायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. "हात थकले मास्तर आता, होत नाई," म्हणाले. वरूडचे व्यापारी जमीन पाहायला गाडी घेऊन आले. शेतभर हराळी माजली असणार, आता यांचा शिव्यांचा पट्टा सुटणार, म्हणून मी आधीच सावलीला उभा राहिलो. साडभाऊ धुऱ्यापाशी आले, सुकलेल्या हराळीकडे पाहिलं आणि वहाणा काढून ठेवल्या. अनवाणी आत शिरून त्यांनी वाकून तिच्यावरून हात फिरवला.

तेवढ्यात धुऱ्यापलीकडून गर्जना झाली. "आला का रे! तीन साल झाले, तुह्यी हरियाली माह्या वावरात घुसून राहिली! कमर मोडली माही उपटू उपटू!" कासमभाई हातात खुरपं नाचवत येत होते. खरंच, धुऱ्याच्या त्यांच्या बाजूला एक काडी नव्हती. साडभाऊंना वीस वर्षांत पहिल्यांदा उलटं ऐकावं लागत होतं. त्यांनी जाकीट काढून फेकलं. बांध कोणाचा, खुंटा कोणी सरकवला, कोणाच्या बापानं काय म्हटलं होतं, सगळं निघालं. व्यापारी माझ्या कानाशी आले. "धुऱ्याचा वाद आहे का?" मी वैतागलेलो होतो, खरं तेच बोललो, "वीस वर्षांचा." वादाची जमीन कोण घेतो? ते गाडीत बसले. गाडीचा धुरळा सडकेला लागला तसे कासमभाई बोलता बोलता थांबले आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "गया?" व्यापाऱ्याची बातमी त्यांना मागच्याच फेरीत मी पोचवली होती. साडभाऊ मात्र मनापासून भांडत होते. त्यांना थांबवायला आणखी अर्धा तास गेला.

शेत विकलं गेलं नाही. ताई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. साडभाऊ अजून रविवारी सकाळी सहाला फोन करतात, आता तेल्हाऱ्यातून. मागच्या डिसेंबरात मी शेतावर गेलो होतो. कासमभाईंच्या डोळ्यांना आता फार दिसत नाही, पण सवयीनं रोज ते धुऱ्यावर येऊन चाचपडत हराळी उपटतात, आणि कोणी नको म्हटलं की चिडतात. मला पाहून त्यांनी मान वर केली आणि साडभाऊंना विचारलं, "पिवयी पडली का रे? तिकडं झोपते म्हनत होता तू." आमच्याकडची थंडी ती काय, हराळी चांगली हिरवीगार होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साडभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

"पडली," ते म्हणाले. "झोपली सारी. चाल, आता तूबी घरी चाल."

कासमभाईंनी खुरपं त्यांच्या हातात दिलं आणि त्यांचा खांदा धरून निघाले. त्यांना घरी पोचवून साडभाऊ परत आले आणि धुऱ्याच्या दोन्ही बाजूंची हराळी एकही शिवी न देता काढत बसले.