खिडकीबाहेरची पहिली पायरी

थावरसिंग आडे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या वर्गाच्या दारात. यवतमाळच्या आयटीआयमध्ये आरेखक शाखेत मी नुकतीच दाखल झाले होते. दुपारची वेळ होती आणि आम्ही सगळे ड्रॉइंग बोर्डावर वाकलेलो होतो. शेजारच्या वेल्डिंग विभागाचे निदेशक असलेले सर खांद्यावर नळ्या आणि साखळ्यांचे एक गाठोडे घेऊन आत आले आणि आमच्या निदेशकांना म्हणाले, "मले एक पोरगी पाह्यजे. जिले उंचीचं लय भेव वाटते, अशी."

वर्ग हसला. आमच्या निदेशकांना आपण चुकीचे ऐकले असे वाटले. "न भिणारी म्हणता का, सर?"

"नाही नाही. न भेणारे माह्या वर्कशॉपात ढीगभर आहेत. ते तर वडाच्या पारंबीवरूनही उतरतीन. मले भेणारीच पाह्यजे."

माझ्या मैत्रिणीने, शुभांगीने, लगेच माझ्याकडे बोट दाखवले. ती खोटे बोलत नव्हती. घरच्या गच्चीवर पापड वाळत घालताना मी कठड्यापासून चार हात दूर बसत असे, आणि पाण्याच्या टाकीवर चढायची वेळ आली की बाबा ऑफिसातून येईपर्यंत थांबावे लागे. सरांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "खरंच भेते ना? का उगाच?" मी मान हलवली. "मग चाल."

त्या गाठोड्यात एक शिडी होती. दोन मोठे आकडे, दोन्ही बाजूंना साखळ्या आणि साखळ्यांच्या मधे अॅल्युमिनियमच्या पायऱ्या. घडी केली की हार्मोनियमच्या पेटीएवढी व्हायची आणि खाटेखाली मावायची. खाली आग लागली, जिना धुराने भरला, तर खिडकीच्या चौकटीला आकडे अडकवायचे, शिडी बाहेर सोडायची आणि उतरून जायचे. कल्पना इतकी साधी होती की पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभी राहीपर्यंत मला त्यात अवघड काय असेल ते कळलेच नाही.

कमरेला दोर होता. खाली गाद्या अंथरल्या होत्या. तरी मला ते जमले नाही. खिडकीतून उलटे वळून, मोकळ्या हवेकडे पाठ करून एक पाय बाहेर टाकायचा होता. मी पाय टाकला, तो हवेतच चाचपडला, आणि मी चौकटीला मिठी मारून रडू लागले. खालून मुले ओरडत होती. सरांनी त्यांना एका शब्दात गप्प केले. मग ते फरशीवर मांडी घालून बसले, खिशातून वही काढली आणि मला विचारले, "मले सांग, भेव नेमकं कुठून सुरू झालं?"

"पाय बाहेर गेला तेव्हा. खाली काही लागलंच नाही."

त्यांनी ते लिहून घेतले. माझी भीती कुणी लिहून घ्यावी असा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. आठ दिवसांनी शिडीची पहिली पायरी चौकटीच्या अगदी जवळ आली, आणि खिडकीतून वाकून दिसावी म्हणून तिला पिवळा रंग मिळाला. दुसऱ्या वेळी मी दोन पायऱ्या उतरले आणि अडकले, कारण शिडी भिंतीला चिकटत होती आणि बोटे टेकायला जागाच नव्हती. सरांनी पायऱ्यांच्या मागे वीतभर लांबीचे टेकू लावले, म्हणजे शिडी भिंतीपासून दूर राहू लागली. तिसऱ्या आठवड्यात मी जमिनीवर उतरले. सरांनी पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, "तुह्या भेवानं शिडी शहाणी होऊन राह्यली, पोरी." नंतर त्यांनी मला पुन्हा वर पाठवले.

घरी आईने कपाळाला हात लावला. "तिथं चित्रं काढाले घातलं तुले, का झाडावरून उतराले?" जिल्हा परिषदेत कारकुनी केलेल्या आमच्या घराण्यात शिडीशी कुणाचा संबंध पुस्तके वरच्या फळीवर ठेवण्यापुरताच आला होता.

सर हे सगळे कशासाठी करत होते, ते मला कित्येक महिन्यांनी कळले. शिडी मनासारखी झाल्यावर ते ती घेऊन पुसदकडच्या आपल्या तांड्यावर निघाले. शिडीचे नकाशे मी काढले होते, म्हणून मलाही सोबत नेले. तांड्यावर त्यांच्या थोरल्या भावाचे घर होते. भावजय, सोनीबाई, अंगणात कापूस निवडत बसल्या होत्या. सरांनी त्यांच्यापुढे शिडी उलगडून ठेवली आणि एकेक भाग हात लावून दाखवला. सोनीबाईंनी पिवळ्या पायरीवरून बोट फिरवले. मग बंजाऱ्यांच्या गोरबोलीत एकच वाक्य विचारले. मला ते समजले नाही. सरांचा चेहरा उतरला तेवढा दिसला. त्यांनी शिडीची घडी केली.

परतीच्या वाटेवर बस दारव्ह्याला थांबली. सर खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "भाभी इचारत होती, हे तवा काहून नाही केलं."

त्यानंतर त्यांनी मला ललिताबद्दल सांगितले. ललिता म्हणजे सोनीबाईंची मुलगी. तांड्यावरच्या शाळेत हुशार म्हणून सरांनीच भावाची समजूत घालून तिला तालुक्याला शिकायला आणले होते. एका दुकानावरची खोलीही त्यांनीच शोधली होती. दोन मुली तिथे राहत. एका दुपारी खालच्या दुकानाला आग लागली आणि जिन्यात धूर भरला. रस्त्याकडच्या खिडक्यांना गज होते. मागची खिडकी मोकळी होती, पण ती अरुंद बोळात उघडत होती. लोकांनी बांबूची लांब शिडी आणली, ती बोळाच्या वळणावर वळेना. सोबतच्या मुलीने उडी मारली. तिचा पाय मोडला, पण ती वाचली. ललिता खिडकीत उभीच राहिली. तिला उंचीची भीती वाटत असे.

"लोक म्हणत, उडी मारली असती तर वाचली असती," सर म्हणाले. "भेली, त्यात तिचं काय चुकलं? उतराले रस्ता नोहता, हे चुकलं."

सोनीबाईंना विचारून, त्यांच्या परवानगीनेच, मी हे इथे लिहिते आहे. सरांना विचारले असते तर त्यांनी नको म्हटले असते.

निवृत्तीनंतर सरांनी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड घेतली आणि मी त्यांच्याकडे कामाला लागले. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे त्या पत्र्याखाली गेली. उन्हाळ्यात तिथे भट्टी पेटलेली असे आणि पावसात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे. तरी आज पुण्यातल्या गार केबिनमध्ये बसून मी त्याच शेडसाठी झुरते. तेव्हा सर सकाळी गेटाशी उभे राहून प्रत्येकाला विचारत, "जेवण आणलं का?" ज्याने आणले नसेल त्याच्या वाट्याला त्यांच्या डब्यातली अर्धी भाकर येई. ती भाकर मी मुद्दाम डबा विसरून पुष्कळदा खाल्ली, हे आज कबूल करायला हरकत नाही.

वसतिगृहे, शिवणवर्ग, दुकानांवरच्या खोल्या, अशा ठिकाणी आम्ही शिड्या पोचवत असू. पण सर आधी शिडी दाखवत नसत, खिडकीचे गज पाहत. एक तरी गजाची चौकट बिजागरीवर, आतून साध्या कडीने उघडणारी हवी, असा त्यांचा आग्रह होता. घरमालक चोरांची भीती घालत. सर शांतपणे म्हणत, "चोर बाहेरून येते, कडी आतून आहे. तुम्ही उघडली नाही तं तो कसा येईन?" मग स्वतः गुडघ्यावर बसून ती बिजागरी जोडून देत.

एकदा एका वसतिगृहात आम्ही वर्षाने पुन्हा गेलो, तर शिडी पेटीत आणि पेटीला कुलूप. किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नव्हते. अधीक्षिका म्हणाल्या, "मुली खेळतात हो सर, खराब होईल." सर सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी हातोडीने कुलूप तोडले आणि म्हणाले, "खेळू द्या त्यायले. खेळून खराब झाली तं मी दुसरी देतो." आणि त्याच दुपारी अधीक्षिकाबाईंसह सगळ्यांना खिडकीतून उतरायला लावले. त्यांचा नियम ठरलेला होता. जिला जास्त भीती वाटते ती आधी उतरेल. मागे ठेवली तर ती मागेच राहते.

नागपूरच्या एका व्यापाऱ्याला ही शिडी मोठ्या प्रमाणावर विकायची होती. वजन कमी करण्यासाठी मागचे टेकू काढा, एवढीच त्यांची अट होती. सरांनी चहा पाजून त्यांना निरोप दिला. "टेकू काढले तं बोटं कुठं टेकतीन, बाप्पा?" एवढेच ते बोलले.

सरांच्या स्वभावाची एक बाजू मला फार उशिरा कळली. माझे बाबा शेवटच्या आजारात आठ महिने अंथरुणाला खिळले होते. मी रविवारीही नकाशांचे जास्तीचे काम घेत असे आणि शेडमध्येच असे. बाबा गेल्यावर आईने सांगितले की दर रविवारी सकाळी आडे सर येत, बाबांना पेपर वाचून दाखवत आणि अग्रलेखावरून त्यांच्याशी वाद घालत. "त्या एका दिवशी तुह्या बाबांची दाढी केलेली असे," आई म्हणाली. सरांनी शेडमध्ये याचा कधी उल्लेखही केला नव्हता.

आणि मारेगावची ती दुपार. तिथे एका दुकानाच्या माडीवर कमलताई नावाच्या बाई शिवणवर्ग चालवत. दर वर्षी उतरून दाखवायची वेळ आली की त्या सरांवर चिडत. "लुगड्यात कायले उतरवता, सर, आम्हाले? माकडं आहो का?" सर म्हणत, "आग लागल्यावर लुगडं बदलाले वेळ भेटते का, ताई?" एका दुपारी शेडमधला फोन वाजला. मीच उचलला. कमलताईंना धाप लागली होती. खालच्या दुकानात तारा जळाल्या, जिना धुराने भरला, आणि त्यांनी कडी काढून शिडी सोडली होती.

मी फोन सरांच्या हातात दिला. ते उभ्याउभ्या ऐकत राहिले. मग त्यांनी विचारले, "पहिली कोण उतरली?"

"मंदा," पलीकडून आवाज आला. "ती लय भेत होती. तुम्हीच सांगतलं होतं ना." शेवटी कमलताई स्वतः उतरल्या होत्या. एकीचा पाय मुरगळला होता, बाकी सगळ्या सुखरूप होत्या.

सर स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावरून काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तांड्यावर गेलो. सरांनी सोनीबाईंना सगळे सांगितले आणि कमलताईंना फोन लावून दिला. सोनीबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. मला समजावे म्हणून की काय, त्या मराठीत बोलल्या. "साऱ्या आल्या ना खाली?"

"हो माय, साऱ्या आल्या."

"साऱ्या?"

"साऱ्या."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारले. कमलताईंनी तिसऱ्यांदा सांगितले. मग फोन सरांकडे देऊन सोनीबाई पदरात तोंड लपवून रडल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. थोड्या वेळाने सोनीबाईंनी उठून चहा ठेवला.

पुढे घराची जबाबदारी माझ्यावर आली आणि मी पुण्याला गेले. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, हाताला कंप सुटला आणि शेड बंद झाली. आता ते तांड्यावर, सोनीबाईंच्या शेजारच्या घरात राहतात. माझे ऑफिस अकराव्या मजल्यावर आहे. तिथे आगीचा सराव होतो तेव्हा सगळे मोबाइल पाहत जिना उतरतात, आणि कुणीतरी वही काढून मला विचारावे असे वाटते की भीती नेमकी कुठून सुरू झाली. मी संगणकावर सुबक नकाशे काढते. ते कुठे जातात, त्यावर कुणाचे पाय पडतात, मला माहीत नसते. सरांच्या शेजारी उभे राहून गरम लोखंडाच्या वासात एखादी बिजागरी बसवून पाहावी, ही ओढ वय वाढते तशी वाढतेच आहे.

गेल्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. ते घरासमोरच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखले आणि माझा हात हातात घेतला. घटकाभर बोललो. निघताना त्यांनी विचारले, "परत कवा येशीन?"

"बघते, सर."

"बघते नको म्हणू. सारे बघतोच म्हणते. दिवस सांग."

मला सांगता आला नाही. ऑफिस, रजा, आईचे औषध, असे काहीतरी पुटपुटून मी बसमध्ये चढले. वळणावर मागे पाहिले तर सर रस्त्यापर्यंत चालत आले होते. त्यांना बस नीट दिसत नव्हती, तरी बसच्या दिशेने हात वर केलेला होता.

सर, तुमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात तुमच्या कार्यावर पुष्कळ लोक माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी फक्त राहिलेले उत्तर देते. होळीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या बसने, मी येते आहे. आईलाही आणते आहे. चार दिवस राहणार आहोत. तुमचे डोळे निवळोत, हाताचा कंप थांबो, पाय असेच रस्त्यापर्यंत येत राहोत. पुढच्या होळीचा दिवस मी तिथून निघतानाच सांगेन, त्याच्या पुढच्या होळीचा त्या वेळी. असे पुष्कळ दिवस तुम्ही मला विचारत राहा, सर, आणि दर वेळी ओट्यावर बसलेले सापडा.