काळा ससा आला तरी

नम्रता इंगोले मॅडम मूळच्या वाशिमच्या. लग्न होऊन वारज्यात आल्या आणि तिथल्याच एका शाळेत नववीला विज्ञान शिकवायला लागल्या. शिकवणं ठीकठाक. फळ्याकडे तोंड करून बोलायच्या, अक्षर बारीक, आणि चिडल्या की तोंडातून वऱ्हाडी सुटायची. "काऊन रे, घरी सांगू काय?" म्हटलं की पोरं दिवसभर त्याचीच नक्कल करत फिरायची. पण एखादं पोरगं चार दिवस दिसलं नाही, तर मॅडम स्कूटर काढून त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. एवढं त्या शाळेत दुसरं कोणी करत नव्हतं.

आनुवंशिकतेचा धडा आला की मागचे बाक झोपायचे. वाटाण्याचं झाड उंच का बुटकं, त्यांना काय पडलंय? मग मॅडमनी कर्वेनगरच्या कॉलेजातल्या पोरांनी बनवलेला एक गेम मिळवला. सशांची जोडी लावायची आणि पिल्लू कसं निघतं ते बघायचं. नर काळा, मादी काळी. पण दोघांच्याही खिशात दोन चिठ्ठ्या, एक काळी, एक पांढरी. डोळे मिटून दोघं पिल्लाला एकेक देणार. दोन्ही पांढऱ्या आल्या तरच पिल्लू पांढरं. म्हणजे साधारण चारात एक.

हा तास गुरुवारी कॉम्प्युटरच्या खोलीत व्हायचा. ऋषी बराटे नावाचं एक पोरगं फक्त गुरुवारी शाळेत यायचं. मग बुधवारीही यायला लागलं. मॅडमना बाकी काही नको होतं.

पण मुख्याध्यापक आनंद सरांना ती खोली स्कॉलरशिपच्या जादा तासांना हवी होती. "मॅडम, पालक फी ससे पाळायला देत नाहीत," ते म्हणाले. "येत्या गुरुवारी मी वर्गात बसतो. काही शिकवताय असं दिसलं तर ठेवू. नाहीतर ससे घरी न्या."

मॅडमना लपवाछपवी जमायची नाही. त्यांनी वर्गात सरळ सांगून टाकलं, "सर येणार आहेत. नीट खेळा, नाहीतर खोली जाईल. खोली गेली की गेमही गेला."

गुरुवारी सर मागे खुर्ची टाकून बसले. मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले, काळे आणि पांढरे. पोरं एकेक करून उठली, पिल्लाची रेघ मारून गेली. पांढरा. पांढरा. परत पांढरा. वर्गात पहिली येणारी तेजस्विनीसुद्धा पांढऱ्यातच रेघ मारून, मान खाली घालून बसली. काळ्यांचा रकाना कोरा. मॅडमच्या हातातला खडू मोडला.

सरांनी सावकाश चष्मा पुसला. "चारात एक म्हणालात ना? तुमच्या सशांनी धडा वाचलेला दिसत नाही."

मॅडम ऋषीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या पडद्यावर काळं पिल्लू आलं. त्याने गेम बंद केला, परत उघडला. परत काळं. परत बंद. तिसऱ्यांदा पांढरं आलं, तसा तो फळ्याकडे जायला उठला.

"असं काऊन करून राहिला रे?"

या वेळी कोणी नक्कल केली नाही.

"मॅडम, मीच सगळ्यांना सांगितलंय. काळं आलं की बंद करायचं. पांढरं अवघड असतंय ना? सगळ्यांचे पांढरे आले की सर म्हणणार, मॅडम भारी शिकवतात."

त्याला झापावं का जवळ घ्यावं, मॅडमना कळेना. खोली तर गेलीच होती. त्यांनी डस्टर घेतलं आणि अख्खा फळा पुसला.

"परत खेळायचं. जे येईल ते मांडायचं. एकट्यादुकट्यावरून काही कळत नाही, सगळ्या वर्गाचं मिळून बघायचं."

"आणि सगळी काळीच आली तर?"

"तर काळी. खोटं मांडायचं नाही."

सुरुवातीला नुसत्या काळ्यांच्याच रकान्यात रेघा पडल्या. मग एक पांढरी. मग दोन. शेवटी मोजलं तर चाळीसात अकरा पांढरी. मॅडम फळ्यापासून बाजूला झाल्या, म्हणजे सरांना नीट दिसेल.

सर उठले. "सरक रे," म्हणत ऋषीच्या जागेवर बसले. काळं आलं. काळं. काळं. काळं. पाचवंही काळंच. सरांचा हात गेम बंद करायला वळला.

"सर, बंद नाय करायचं!" ऋषी ओरडला, आणि मागोमाग अख्खा वर्ग.

सरांनी आपल्याच हाताकडे पाहिलं. मग उठून काळ्यांच्या रकान्यात पाच सरळ रेघा मारल्या आणि निघून गेले.

पुढे काय, कोणी सांगितलं नाही. मॅडमनीही विचारलं नाही. मग खोलीच्या दारावर सरांच्या वळणदार अक्षरातली पाटी लागली: 'काळा ससा आला तरी संगणक बंद करू नये. गुरुवारी ही खोली विज्ञानाची. इतरांनी विचारू नये.'

पाटी पहिल्यांदा वाचली ती ऋषीने. खोली राहिली का गेली ते बघायला आला होता. वार सोमवार.