बांधाच्या आतला कायदा

इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून आमचं रान आहे. ऊस आहेच, पण गेली काही वर्षं रानाच्या एका कोपऱ्यात आम्ही कृषी पर्यटन चालवतो. पुण्याहून माणसं येतात, हुरडा खातात, पाण्यावरचे पक्षी बघतात, लिंबाखालच्या बाजेवर आडवी होतात आणि संध्याकाळी हायवेला लागतात. मी त्याआधी लोणी देवकरला एका कारखान्यात होतो. तिथं दिवसभर यंत्राच्या कलानं घ्यायचं, इथं पाहुण्यांच्या. फार फरक पडला असं काही मला वाटत नाही.

पाहुण्यांच्या करमणुकीला आमच्याकडे दोन वाहनं आहेत. एक एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, चार चाकांची मोटारसायकल. माळावर आखलेल्या वाटेनं तिच्या चकरा मारायच्या. तात्या तिला ‘गाढव’ म्हणतात, आणि ती चालते त्या मानानं नाव ठीकच आहे. दुसरं वाहन म्हणजे ट्रॅक्टर. ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या अंथरायच्या, वर सतरंजी टाकायची, पोरंबाळं बसवायची आणि सकाळी एक, दुपारी चारला एक अशी रानाला फेरी मारायची. ऊस, केळी, शेततळं आणि परत. गाढव माझ्या ताब्यात, ट्रॅक्टर तात्यांच्या.

तात्या माझे चुलते. त्यांची उमेदीची सगळी वर्षं भवानीनगरच्या साखर कारखान्याला ऊस वाहण्यात गेली. आता वाहतूक दुसऱ्यांकडे गेली, मुलगा पुण्यात स्थिरावला, आणि तात्यांच्या हातात उरली ती शनिवार-रविवारची ही फेरी. त्यासाठी ते धुतलेली टोपी घालतात. पोरं त्यांना ‘ट्रॅक्टरवाले आजोबा’ म्हणून हाका मारतात, आणि सोमवारपासून तात्या पुढच्या शनिवारचं बोलायला लागतात. ती फेरी काढून घेतली तर त्या माणसाकडे काय राहील, हा प्रश्न मी बरेचदा मनात आणला आणि तितक्याच वेळा बाजूला सारला.

कारण तात्या दुपारची घेतात. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जातात, थोड्या वेळानं बाहेर येतात आणि जेवायला बसतात. घरात सगळ्यांना माहीत आहे. काकी त्याला ‘त्यांचं औषध’ म्हणते. झोकांड्या नाहीत, आरडाओरडा नाही. फक्त बोलणं कमी होतं, आणि गिअर टाकताना उगाच खाकरायची सवय लागते. आणि चार वाजता तेच ट्रॅक्टरवर बसतात.

आमच्या घरात पुतण्या चुलत्याशी बांधावरून भांडेल, पाण्याच्या पाळीवरून भांडेल, मतदानाला उघडपणे दुसरीकडे जाईल. पण ‘तात्या, तोंडाला वास येतोय’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणार नाही. वडील असते तर ते बोलले असते, थोरले होते. काकीनं लग्नानंतर काही वर्षं बोलून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

श्वासातली दारू ओळखणाऱ्या यंत्राची गोष्ट सुरू झाली ती एका पाहुण्यामुळे. सकाळी दहालाच तर्र होऊन आलेला हा गृहस्थ माझी नजर चुकवून एटीव्हीवर बसला आणि थेट घायपाताच्या कुंपणात शिरला. ओरखडे घेऊन हसत बाहेर आला आणि पुन्हा बसायला लागला. मी किल्ली काढून घेतली, तेव्हा म्हणाला, “हा काय पब्लिक रोड आहे का?”

मला पटलं नाही, पण तात्यांना पटलं. “तसं बगाय गेलं तर त्यांचं खरं हाय,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले. “कायदा डांबरावर आसतो. बांधाच्या आत कुठला आलाय कायदा?”

यात तात्यांचं एकट्याचं काही नाही. आमच्या भागात हे सगळेच धरून चालतात. लायसन, हेल्मेट, दारू या सगळ्या भानगडी जिथं डांबर सुरू होतं तिथं सुरू होतात. कॅनॉलच्या वाटेनं माणूस कसाही येतो आणि हायवे दिसला की थांबून हेल्मेट चढवतो. मीही चढवतो.

बारामतीला माझा एक वर्गमित्र वकिली करतो. त्याला जाऊन विचारलं. त्यानं सांगितलं ते असं. मोटार वाहन कशाला म्हणायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे, आणि फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच बनवलेली वाहनं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे नोंदणी नसलेल्या तुझ्या एटीव्हीवरून कोर्टात दोन्ही बाजूंनी भांडता येईल. “पण ट्रॅक्टर हे मोटार वाहनच,” तो म्हणाला. “आणि दारू पिऊन चालवण्याचं जे कलम आहे ना, त्यात रस्ता हा शब्दच नाही. चालवलं किंवा चालवायचा प्रयत्न केला, एवढं पुरतं. रान स्वतःचं आहे म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नकोस. दंड आहे, तुरुंगही आहे.” ट्रॉलीत माणसं बसवण्याबद्दलही तो काहीतरी सांगत होता. ते मी चहा पिता पिता ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

म्हणजे ज्या गाढवावरून मी वकिलापर्यंत गेलो त्याचं नक्की नव्हतं, आणि ज्याच्याबद्दल मी शब्द काढला नव्हता त्या ट्रॅक्टरचं अगदी नक्की होतं. येताना बारामतीतूनच श्वास तपासायचं यंत्र घेऊन आलो. वर नळी लावायची, फुंकायचं, आकडा येतो.

यंत्र पाहुण्यांसाठी होतं. पण माझ्या पोटात दुसरंही काही होतं. आमच्याकडे मोठ्या माणसाला जे सांगायचं असतं ते तो ऐकत असताना तिसऱ्यालाच सांगायची पद्धत आहे. मला वाटलं, तात्या हे यंत्र रोज बघतील, पाहुण्यांना परत पाठवलेलं बघतील आणि आपलं आपण उमजतील. कुणाचा अपमान नाही, कुणाला तोंडावर बोलणं नाही. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

तात्यांना यंत्र फारच आवडलं. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, “माज्याकडं दे, मी बगतो. तुला पाव्हण्यांना न्हाय म्हणाय जमत न्हाय.” ते खरंच होतं. मी दिलं.

मग काय विचारता! एटीव्हीपाशी टोपी घालून तात्या उभे. “फुका. आसं न्हाय, दम लावून फुका. टिक वाजंस्तवर थांबायचं न्हाय.” कुणालाही सूट नाही. बायकांना नाही, गळ्यात माळ असलेल्यांना नाही. एका सरकारी पाटीच्या गाडीतून आलेल्या साहेबांना त्यांनी सगळ्यांदेखत परत पाठवलं. “सायेब, रागावू नगा. हुरडा खावा, झोपा काढा, मग बगू.” साहेब निमूट हुरड्याकडे गेले. लोक तात्यांचे व्हिडिओ काढायचे. चार वाजले की तात्या यंत्र माझ्या हातात द्यायचे आणि ट्रॅक्टरवर चढायचे.

मी माझ्या परीनं प्रयत्न सोडला नव्हता. तात्या जवळ असले की पाहुण्यांना मोठ्यानं सांगायचो, “कायदा ट्रॅक्टरलासुद्धा आहे बरं का, रानात असला तरी.” तात्या मान हलवायचे. “बराबर हाय,” म्हणायचे. त्यांच्यापर्यंत काय पोचत होतं ते मला कधी कळलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी एक बाई आल्या. सोबत त्यांची दोन मुलं आणि बहिणीची मुलं. त्यांना एटीव्हीवर बसायचं होतं. तात्यांनी यंत्र पुढे केलं. बाई लाजल्या. “अहो, मी कधी हातसुद्धा लावलेला नाही.”

“नियम हाय, ताई,” तात्या म्हणाले. बाईंनी फुंकलं, शून्य आलं, चक्कर मारून झाली.

चार वाजता मुलं ट्रॉलीत चढली. तात्यांनी यंत्र मला दिलं, ट्रॅक्टर सुरू केला. बाई ट्रॉलीच्या फाळक्याला धरून खाली उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “आजोबा, तुमचं राहिलं ना?”

त्यात टोमणा नव्हता. नियम सगळ्यांना आहे असं त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी आठवण केली, एवढंच. बाकीचे पाहुणे हसले. मीही हसून वेळ मारून नेऊ शकलो असतो. यंत्र माझ्या हातात होतं. मी ते पुढे केलं नाही आणि खिशातही घातलं नाही.

तात्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग इंजिन बंद केलं.

“आण,” म्हणाले.

मी नळी बदलून दिली. त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं तसंच, दम लावून, टिक वाजेपर्यंत फुंकलं. आकडा त्यांनी पाहिला, मी पाहिला. बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि मुलांना उतरवायला हात वर केले.

“पोरं बसू द्या, ताई,” तात्या म्हणाले. “डायवर बदला.” आणि लोक उभे होते त्याच्या उलट्या बाजूनं खाली उतरून चालते झाले.

फेरी मी मारली. पक्षी दिसले की मुलं ओरडत होती. मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. त्या बाईंचा रागसुद्धा आला, काही कारण नसताना.

पाहुणे गेल्यावर तात्यांना शोधायला निघालो. ते शेततळ्याच्या बांधावर बसले होते. तळ्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद आहे. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही; आत पडलेलं कुत्रंसुद्धा वर येत नाही. ट्रॉलीची वाट त्याच्या एका कडेनं जाते. मी शेजारी बसलो.

“यंत्र माज्यासाठीच आणलं व्हतंस न्हवं?” तात्यांनी विचारलं.

“पाहुण्यांसाठीपण,” मी म्हणालो.

त्यांनी हातातल्या काडीनं कडेचं एक ठिगळ दाखवलं. “दिवाळीनंतर हितं कागद फाटला व्हता. उंदरानं कुरतडला म्हणून सांगितलं मी तुला. उंदीर न्हवता. ट्रॉलीचं मागचं चाक कडंवरनं आत उतरलं व्हतं. कसं वर आलं ते मलाबी ठाव न्हाय. वर पोरं गाणी म्हणत व्हती. कुणाला कळलंबी न्हाय.”

त्यानंतरचे सगळे शनिवार-रविवार, सगळ्या ट्रॉल्या डोळ्यांपुढे आल्या. “आणि तरी तुम्ही चालवत राहिलात?”

“राहिलो. रोज वाटायचं, आज कुणीतरी इचारंल. तू इचारशील, न्हायतर तुजी काकी. इचारलं आसतं तर तितंच किल्ली दिली आसती. आपण व्हऊन सांगाय जीभ उचलंना.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू ते यंत्र आणलंस तवा मला वाटलं, आता इचारतोय. तर तू ते माज्याच हातात दिलंस.”

अंधार पडायच्या आत आम्ही दोघं घरी आलो.

पुढच्या शनिवारी सकाळची फेरी त्यांनी मारली, यंत्रात फुंकून, पाहुण्यांसमोर. दुपारी चारला थोडा वेळ असताना मी लिंबाखाली गेलो. तात्या बाजेवर बसले होते, डोक्याला टोपी नव्हती. गाढवापाशी तात्या कुणालाही बेधडक फुंकायला लावायचे; मला एक साधं वाक्य तोंडातून काढता येईना. मी दोनदा खाकरलो.

“तात्या, आज घेतलीय का?”

“व्हय,” तात्या म्हणाले, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून बाजेवर जरा पलीकडे सरकले.