साधी सर्दी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं ठाऊक नाही.

माझ्या रेवाचे छातीचे स्नायू जन्मापासून दुबळे. झोपली की तिचा श्वास उथळ होतो, म्हणून झोपताना नाकावर मास्क लावायचा. पलंगाशेजारचं मशीन नळीतून हवा आत ढकलत राहतं. दुपारच्या झोपेतही चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा वर्षांची होती ती तेव्हा, आणि नुकतीच खोकल्यातून उठली होती.

त्या रविवारी आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर नणंदेला बघायला मंडळी आली. मुलगा हिंजवडीत नोकरीला, घर सदाशिव पेठेत — म्हणजे दोन्ही हातांत लाडू. मला मात्र एकच धास्ती. मशीन दिसलं तर? ‘घराण्यात काही आहे का?’ असं तोंडावर कोणी विचारत नाही हो. पोहे संपवतात आणि ‘कळवतो’ म्हणतात.

मला कोणी सांगितलं होतं का? नाही. सासूबाईंनी तर नाहीच. मीच — झोपलेल्या रेवाचा मास्क काढला, मशीन पलंगाखाली सरकवलं. तिने अर्धवट डोळे उघडले. मी म्हटलं, “झोप गं.” थोड्या वेळाचा तर प्रश्न होता!

मुलाच्या आईने आत डोकावून चौकशी केली. “अहो, साधी सर्दी आहे,” मी म्हणाले. हसून म्हणाले.

गप्पा लांबल्या. चहा झाला, पुन्हा झाला. मी उठले का? नाही उठले. मंडळी गेल्यावर आत धावले, तर रेवाचे ओठ निळसर पडलेले, हाका मारल्या तरी डोळे उघडेना.

हॉस्पिटलात ती शुद्धीवर आली. डॉक्टरांनी विचारलं, मास्क कोणी काढला? आणि मी — आई ना मी तिची? — म्हणाले, “झोपेत तिनेच ओढला असेल.”

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “हो, मीच काढला.”

तिचे बाबा तिला रागावले. मी ऐकत उभी राहिले.

नणंदेचं लग्न तिथेच झालं. रेवा आता दहावीत आहे. अजूनही कोणी आल्याची चाहूल लागली की ती आपणहून मास्क काढते. कितीही समजावलं तरी म्हणते, “जाऊ देत ना त्यांना, मग लावते.” बाबा वैतागतात, म्हणतात, ही हिची लहानपणापासूनची खोड.

मी तेव्हाही गप्प असते.