बाटलेल्या घराचा भाव

"आत कशाला जायला पायजे? भायरनं बघ की. भिंती काय पळून चालल्यात?"

घरमालक ओट्यावर सुपारी कातरत बोलला. माझा बाप अंगणात उभा होता. लढाईवरून परतलेला हवालदार. छातीवर बिल्ले आणि पायताणं काढून काखेत.

सांगलीच्या वेशीबाहेरचं ते कौलारू घर बापाला हवं होतं. महारवाड्याबाहेरचं आमचं पहिलं घर झालं असतं. पण आमच्यासाठी रीत वेगळी. आधी खरेदीखत, मग उंबरा.

"खांब सागवानी हायत," मालक म्हणाला.

"व्हय मालक. तुमी म्हणताय म्हंजी असत्यालच."

तोफांपुढे उभा राहिलेला माणूस हे बोलत होता. मला ऐकवेना. मी उंबरा ओलांडला.

आत कुबट ओल. मागची भिंत फुगलेली. मधल्या खांबाला चाकूचं टोक लावलं, तर पातं मुठीपर्यंत आत गेलं. भुसा गळला, वाळवी वळवळली. ओंजळ भरून बाहेर आलो.

"मालक, खांब पोकळ आहे. भाव उतरवा."

त्यानं भुशाकडे बघितलंच नाही. माझ्या पायांकडे बघितलं.

"बाटिवलं रं घर! हवालदार, पोरगं शिकिवलंस का मोकाट सोडलंस?"

शेजारचे ओट्यांवरून हसले. बापानं हात जोडले. "चुकलं मालक. लेकरू हाय."

मालकानं सुपारी दाढेखाली सारली. मग ओट्याच्या कडेशी येऊन हळूच म्हणाला, "आता दुसरा कोण घिणार ह्ये? भाव उतरवतो. पर घर बाटलं म्हणून उतरला, असं चारचौघांत सांगायचं. खांबाचं नाव काढायचं न्हाई. बाजूची दोन घरं बी मला इकायचीत."

बापाचा चेहरा उजळला. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

घर मिळत होतं, तेही स्वस्तात. वाळवीपेक्षा मी घर जास्त नासवतो, एवढंच कबूल करायचं होतं.

"खांबाचे कमी करा," मी मोठ्यानं म्हणालो. "माझ्या पायांचा एक पैसाही नको."

"मग ऱ्हा जा खोपटात!"

"ऱ्हातो."

वाटेत बाप एकदाच बोलला. "तुझ्या आयला काय सांगू?"

मी खोपटाची वाट चालत राहिलो. आई त्या खोपटातच गेली.

तरीही सांगतो. माझा विटाळ मान्य करून मिळणारं काहीही मी घेणार नाही. घर नाही, नोकरी नाही, उद्याचं स्वराज्यसुद्धा नाही. जे विकत असाल त्याचं दार उघडा. आधी मी आत जाणार. भावाचं मग बोलू.